बिनतारी संचाचा अबोल पोशिंदा

बुधवार पेठ म्हटली की बहुतेक पुणेकरांच्या डोळ्यांसमोर दगडूशेठ हलवाई गणपती, तुळशीबाग आणि अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने उभी राहतात. मात्र याच पेठेतील तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर यांची ओढ असणारा एक निराळा वर्ग या शहरात आहे. वायरी, स्विचेस, दिवे, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर यांनी खच्चून भरलेल्या दुकानांसमोर हातात चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या ग्राहकांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात, दुरुस्ती करणारे कारागीर असतात आणि अधूनमधून एखादा हौशी रेडिओचालकही असतो. त्याच्या चिठ्ठीत बऱ्याचदा रेडिओचा एकही भाग नसतो. त्याला हवे असतात ते पॉवर सप्लायचे सुटे भाग.

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, हा केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाच्या परवान्याने चालणारा छंद आहे. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास परवाना आणि स्वतःचे असे सांकेतिक नाव मिळते. त्यानंतर ठरवून दिलेल्या कंपनसंख्यांवर तो देशोदेशीच्या हौशींशी संवाद साधू शकतो. या छंदाची चर्चा निघाली की बोलणे होते ते संचाबद्दल आणि अँटेनाबद्दल. भिंतीतील वीज संचाला पचेल अशा रूपात पुरवणारी जड पेटी टेबलाखाली धूळ खात पडलेली असते. संच बंद पडण्याची कारणे शोधू गेल्यास मात्र ती पेटीच अनेकदा दोषी आढळते. संच कितीही महागडा असला तरी त्याची विश्वासार्हता त्याच्या पॉवर सप्लायएवढीच असते.

संकटात पहिली जाते ती वीज

हा केवळ छंदिष्टांच्या सोयीचा प्रश्न असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. हौशी रेडिओचे सामाजिक मोल ठरते ते आपत्तीच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांना हादरवणाऱ्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाला हातभार लावला. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपातही ते धावून गेले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेनिमित्त पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमान-निकोबारचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला असताना त्यांच्या केंद्राने अनेकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवली.

अशा प्रत्येक प्रसंगी एक गोष्ट समान असते. सर्वांत आधी जाते ती वीज. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा अनेक भागांत वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. मोबाइलच्या मनोऱ्यालाही वीजच लागते आणि त्याच्या बॅटऱ्यांना मर्यादा असते. पुण्याला तर हा अनुभव त्याआधी चार दशके आला होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि शहराला विजेवाचून व नळाच्या पाण्यावाचून दिवस काढावे लागले. म्हणूनच हौशी केंद्राच्या पॉवर सप्लायकडून दोन अपेक्षा असतात. वीज असताना तो स्वच्छ आणि स्थिर असावा आणि वीज गेल्यावर त्याने केंद्राला मुके होऊ देऊ नये.

१३.८ व्होल्टचे गणित

आजचे बहुतेक हौशी संच १३.८ व्होल्टवर चालतात. हा आकडा मोटारीतून आला आहे. इंजिन सुरू असताना मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी भारित होत असते आणि तिच्या टोकांवर साधारण एवढाच दाब असतो. तोच संच गाडीत आणि घरात दोन्हीकडे चालावा म्हणून हे प्रमाण रूढ झाले. बहुतेक उत्पादक यात १५ टक्के कमी-अधिक चालेल असे सांगतात. म्हणजे खाली ११.७ आणि वर १५.९ व्होल्ट ही लक्ष्मणरेषा झाली. शंभर वॅटचा संच नुसता ऐकताना एक-दीड अँपिअर प्रवाह घेतो, पण बोलू लागताच त्याची भूक वीस अँपिअरवर जाते. क्षणात एवढी वाढणारी आणि क्षणात उतरणारी मागणी हीच पॉवर सप्लायची खरी परीक्षा होय.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे लिनिअर, पॉवर सप्लायची रचना सरळ असते. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १८ व्होल्ट करतो. चार डायोडचा ब्रिज त्या उलटसुलट प्रवाहाला एकाच दिशेने वळवतो. मोठे कपॅसिटर त्यातील चढउतार भरून काढतात. शेवटी नियंत्रक आयसी आणि त्याच्या हुकमतीखालील पॉवर ट्रान्झिस्टर जादा दाब स्वतःवर घेऊन बाहेर नेमके १३.८ व्होल्ट सोडतात. ७२३ क्रमांकाचा आयसी आणि २एन३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर ही जोडी १९६० च्या दशकातली. इतक्या वर्षांनंतरही ती वापरात आहे आणि दुकानात तिची नावे उच्चारली की पुढचे काही सांगावे लागत नाही.

या रचनेची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. पूर्ण भारावर ट्रान्झिस्टरकडे सरासरी २१ व्होल्ट येत असतील आणि बाहेर १३.८ व्होल्ट जात असतील, तर मधल्या ७.२ व्होल्टला वीस अँपिअरने गुणले की १४४ वॅट होतात. ही सारी शक्ती निव्वळ उष्णता बनते. म्हणून चार ट्रान्झिस्टर समांतर जोडून प्रत्येकाच्या वाट्याला ३६ वॅट येतील अशी वाटणी करतात. चौघांनी सारखाच भार उचलावा यासाठी प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहमचा रोध जोडलेला असतो. तो नसेल तर जो ट्रान्झिस्टर आधी तापतो तोच अधिक प्रवाह ओढतो, आणखी तापतो आणि अखेर जळतो.

दुखणी आणि त्यांची लक्षणे

पॉवर सप्लाय सहसा एकाएकी मरत नाही. तो आधी लक्षणे दाखवतो. सर्वांत परिचित लक्षण म्हणजे गुणगुण. पलीकडचा चालक ‘तुमच्या आवाजामागे घरघर आहे’ असे सांगू लागला की कपॅसिटरकडे पाहावे. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिजमधून गेल्यावर तिचे चढउतार सेकंदाला १०० होतात आणि ही घरघर त्याच सुराची असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्राव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. फुगलेली टोपी किंवा तळाशी चिकट डाग ही त्याची बाह्य खूण, पण कित्येकदा बाहेरून काहीच दिसत नाही.

ही घरघर फक्त संध्याकाळीच ऐकू येते अशी तक्रार केली जाते, त्यामागेही कारण आहे. शहरात मागणी वाढली की काही भागांत २३० चे २०० व्होल्ट होतात. मग कपॅसिटरवरचा कमाल दाब २३ वरून २० व्होल्टवर येतो. पूर्ण भारावर त्यातून चार व्होल्टचा चढउतार वजा केला की तळ १६ व्होल्टचा उरतो. नियंत्रकाला स्वतःच्या कामासाठी अडीच-तीन व्होल्टची पुंजी लागते आणि ती येथे संपते. कपॅसिटर दुबळे झालेले असतील तर चढउतार आणखी वाढतो. दोष संध्याकाळचा वाटला तरी तो पेटीच्या पोटात आधीपासूनच असतो. प्रत्येक अँपिअरमागे निदान २००० मायक्रोफॅरड हा जुन्या जाणत्यांचा हिशेब अशा वेळी उपयोगी पडतो. वीस अँपिअरसाठी ४०,००० मायक्रोफॅरड आणि तेही १०५ अंश तापमानाच्या प्रतीचे कपॅसिटर घ्यावेत.

दुसरे लक्षण म्हणजे बोलू लागताच संच बंद पडणे. येथे घाईने पेटी उघडण्याआधी मल्टिमीटर संचाच्या टोकाला लावून दाब मोजावा. पेटीपाशी १३.८ आणि संचापाशी १३ व्होल्ट दिसत असतील तर दोष तारेचा किंवा जोडांचा आहे. अडीच चौरस मिलिमीटरची दोन मीटर लांब तांब्याची वायर जाऊन-येऊन चार मीटर होते आणि वीस अँपिअरला तीत सुमारे ०.६ व्होल्ट हरवतात. सहा चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास ही घट पाव व्होल्टवर येते. सैल स्क्रू, काळवंडलेला फ्यूज-होल्डर आणि थंड पडलेला डाख हे उरलेले चोर. यांतील काहीही बदलण्याचा खर्च नव्या ट्रान्सफॉर्मरच्या तुलनेत नगण्य आहे.

तिसरे लक्षण, पुन:पुन्हा फ्यूज उडणे, हे गंभीर समजावे. अशा वेळी जाड तार घालून फ्यूज ‘पक्का’ करणे म्हणजे रोग दडवून रोग्याला धावायला लावणे होय. त्याऐवजी जुन्या कारागिरांचा सीरिज बल्ब वापरावा. शंभर वॅटचा साधा, तारेचा बल्ब पेटीच्या वीजमार्गात जोडून बटण दाबले असता तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो प्रखर जळतच राहिला तर आत ब्रिज, कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर शॉर्ट आहे असे समजावे. आणखी नुकसान न होता निदान होते.

चौथा दोष मात्र कोणतेही लक्षण न दाखवता येतो आणि सर्वांत महागात पडतो. पॉवर ट्रान्झिस्टर जळतो तेव्हा तो बहुधा उघडा न पडता शॉर्ट होतो. मग वीस-बावीस व्होल्ट कोणताही अडसर न येता थेट संचात शिरतात. किरकोळ किमतीच्या ट्रान्झिस्टरपायी हजारो रुपयांचा संच एका सेकंदात निकामी होतो.

सुधारणेची पहिली पायरी: पहारेकरी

म्हणूनच जुन्या पॉवर सप्लायमध्ये कोणतीही एकच सुधारणा करायची असेल तर ती क्रोबारची करावी. यात १५ व्होल्टचा झेनर डायोड सतत दाबावर नजर ठेवतो. दाब साडेपंधराच्या पुढे जाऊ लागताच तो एससीआर या भागाला इशारा देतो आणि एससीआर क्षणार्धात पेटीची दोन्ही टोके जोडून टाकतो. फ्यूज उडतो, संच वाचतो. हे मंडळ चार-पाच भागांचे आहे. अट एवढीच की फ्यूज योग्य जागी आणि योग्य मापाचा असावा आणि एससीआर त्या क्षणाचा प्रवाह सोसणारा असावा.

त्यानंतर उष्णतेची व्यवस्था. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधील अभ्रकाचा पापुद्रा आणि त्यावरचा उष्णतावाहक लेप वर्षांनी सुकतो, तो नव्याने लावावा. हीटसिंकवर पंखा बसवल्यास ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर दोघांचेही आयुष्य वाढते. तिसरी बाब रेडिओलहरींची. जवळच्या अँटेनामधील शक्ती नियंत्रक आयसीत शिरून दाब हलवते. बाहेरच्या टोकांवर ०.०१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर आणि तारेवर फेराइटचे कडे बसवले की हा उपद्रव बहुधा थांबतो.

सुटे भाग घेताना डोळे उघडे ठेवावेत. २एन३०५५ च्या नावाने नकली मालही फिरतो. त्याच्या आतील सिलिकॉनचा तुकडा छोटा असतो आणि पूर्ण भार येताच तो हात टेकतो. चारही ट्रान्झिस्टर एकाच उत्पादकाचे घ्यावेत आणि दोन जास्तीचे आणावेत. जुना ट्रान्सफॉर्मर मात्र सहसा बदलू नये. वर्षानुवर्षे बुधवारी आणि रविवारी भरत आलेल्या पुण्याच्या जुन्या बाजारात हौशींनी शोध घेतला तो मुख्यतः अशा वजनदार लोखंडाचा. गुंडाळी जळालेली नसेल तर तो आणखी एक पिढी काम देतो.

दुरुस्त झालेली पेटी थेट संचाला जोडण्याचा मोह टाळावा. नाना पेठेतील वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांत मोटारीच्या हेडलाइटचे ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब मिळतात. असा एक बल्ब साधारण साडेचार ते पाच अँपिअर घेतो. असे चार बल्ब समांतर जोडले की जवळपास वीस अँपिअरचा भार तयार होतो. अर्धा तास ते तळपत ठेवून दाब, तापमान आणि वास या तिन्हींची पाहणी करावी. दाब ०.२ व्होल्टहून अधिक घसरला नाही तर काम झाले असे मानण्यास हरकत नाही.

हलका पण गोंगाटी पाहुणा

आता बाजारात एसएमपीएस पद्धतीचे पुरवठे सर्रास मिळतात. ते विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडून दाब बदलतात, त्यामुळे त्यांना छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. आठ-दहा किलोच्या पेटीचे काम दोनेक किलोत होते आणि उष्णताही कमी होते. एलईडी पट्ट्यांसाठीचे १२ व्होल्टचे पुरवठे किंवा संगणकातले जुने पुरवठे यांत फेरफार करून १३.८ व्होल्ट मिळवण्याकडे तरुण हौशींचा ओढा असतो. यात दोन धोके आहेत. एक गोंगाटाचा. तुकडे पाडण्याच्या क्रियेतून उठणारी खरखर लघुलहरींवरील क्षीण संकेत गिळून टाकते. इमारतीतील एलईडी दिवे आणि चार्जर आधीच हवेत गोंगाट भरत असताना स्वतःच्या टेबलाखाली आणखी एक उगम ठेवण्यात अर्थ नाही. योग्य फिल्टर, फेराइट आणि उत्तम अर्थिंग यांनी तो कमी होतो, पण खरेदीपूर्वी रेडिओ शेजारी ठेवून ऐकणे हीच खात्रीची चाचणी.

दुसरा धोका जिवाचा आहे. एसएमपीएसच्या आतील कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ज्याला या मंडळांचा सराव नाही त्याने ही पेटी उघडू नये. लिनिअर पेटीतही मोठे कपॅसिटर रोधामार्फत रिकामे केल्यावाचून हात घालू नये. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करण्याची सवय घातक आहे. पेटीच्या धातूच्या खोक्याला अर्थिंग असलेच पाहिजे, हे दोन्ही प्रकारांना सारखेच लागू आहे.

वीज गेल्यावर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्राने २००० नंतरच्या दशकात भारनियमनाचे चटके सोसले आणि घरोघरी इन्व्हर्टर आले. अनेकांनी रेडिओ संचही इन्व्हर्टरवर टाकला. हा द्राविडी प्राणायाम झाला. बॅटरीचे १२ व्होल्ट आधी २३० करायचे आणि पॉवर सप्लायने ते पुन्हा १३.८ वर आणायचे, यात दोन्ही टप्प्यांवर ऊर्जा वाया जाते. संच मुळात बॅटरीच्या दाबावरच चालतो. तेव्हा बॅटरी थेट संचाला जोडणे हेच शहाणपणाचे.

मात्र बॅटरी पॉवर सप्लायच्या टोकांना नुसती जोडून ठेवू नये. वीज गेली की बॅटरीचा प्रवाह उलटा पेटीत शिरतो आणि नियंत्रकाला इजा पोचवू शकतो. दोन्ही वाटांवर शॉट्की डायोड बसवले की ज्याचा दाब अधिक तो संचाला पोसतो आणि वीज जाताच बॅटरी आपोआप भार उचलते. या डायोडमध्ये अर्धा व्होल्टच्या आसपास घट होते, ती हिशेबात धरावी. बॅटरी भारित करण्याची वाट स्वतंत्र आणि प्रवाहावर मर्यादा घालणारी असावी. ६५ अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी सहा-साडेसहा अँपिअर पुरेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आणि दीर्घायुषी असली तरी तिला स्वतःचे संरक्षक मंडळ हवेच.

अशी ६५ अँपिअर-तासांची बॅटरी किती पुरेल? तिची निम्मी शक्तीच वापरायची असे धरू, म्हणजे सुमारे ३२ अँपिअर-तास. तासातील ४८ मिनिटे ऐकणे आणि १२ मिनिटे बोलणे असा क्रम मानला, तर शंभर वॅटचा संच ऐकताना दीड आणि बोलताना सरासरी दहा अँपिअरप्रमाणे तासाला ३.२ अँपिअर-तास खातो. दहा तासांत बॅटरी आटोपते. त्याच ठिकाणी पाच-सहा वॅटचा छोटा संच ऐकताना ०.२ आणि बोलताना १.२ अँपिअर घेत असेल, तर तासाला ०.४ अँपिअर-तास लागतात आणि तीच बॅटरी ऐंशी तास, म्हणजे तीन दिवसांहून अधिक पुरते. हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला, भारतात सहज मिळणाऱ्या भागांतून बांधता येणारा सुमारे सहा वॅटचा ‘बिटएक्स’ संच जगभर लोकप्रिय झाला, त्याचे मोल येथे कळते. लहान शक्तीचा संच आणि बॅटरी ही जोडी संकटात मोठ्या संचाहून अधिक काळ बोलत राहते. छपरावर सौर पट्टी आणि तिचा नियंत्रक असेल तर ही मुदत आणखी वाढते.

दुकानात एखादा भाग विकत मिळतो, विश्वास मात्र चाचणीतून येतो. ज्यांच्याकडे हौशी केंद्र आहे त्यांनी महिन्यातून एकदा घरातील मुख्य स्विच बंद करून तासभर केंद्र चालवून पाहावे. कोणती तार तापते, बॅटरी किती घसरते, कोणता फ्यूज जवळ नाही, हे त्या तासात कळते. त्याची यादी घेऊन बुधवार पेठेत जाणे सोपे आहे. तीच यादी पुराच्या रात्री, दुकाने बंद असताना आणि गल्लीत अंधार असताना सुचली तर तिचा काही उपयोग नसतो.